परत न येणाऱ्या माणसाचं स्वागत

मालेगावात शुक्रवार कानांना कळतो. इतर दिवशी जुन्या शहराच्या गल्लीत शिरलं की यंत्रमागांची खटखट सुरू होते, आणि शेजारी उभी असलेली दोन माणसंही मोठ्याने बोलायला लागतात. शुक्रवारी माग बंद असतात. जुम्म्याची सुट्टी. नमाज होते, बाजार होतो, पोरं पिक्चरला जातात. या शहराच्या सिनेमावेडावर डॉक्युमेंटरी झाली, मग हिंदी चित्रपटही आला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मालेगाव तेवढ्यापुरतंच माहीत असेल. किंवा बातम्यांमधून.

माझ्याकडे नवीन माणसं बहुतेक शुक्रवारीच येतात. मी समुपदेशक आहे. मोसम पुलापासून चालत येता येईल अशा एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसते. पुढच्या खोलीत डॉक्टर ताप-खोकला बघतात. त्यामुळे बाहेर कुणी हटकलं तर ‘बीपी चेक करायला आलो होतो’ असं सांगता येतं. ही खोली मी भाडं परवडत होतं म्हणून घेतली. हे खोटं बोलण्याची सोय हा तिचा सगळ्यात मोठा गुण आहे, ते मला पुढे कळलं.

अशाच एका शुक्रवारी एक माणूस आला. (या लेखातल्या माणसांचे तपशील मी बदलले आहेत, काही ठिकाणी दोन-तीन जणांचं मिळून एक माणूस केलं आहे. तसं का करावं लागतं, तोही या लेखाचाच विषय आहे.) चाळिशीचा असेल. दारात उभा राहिला, एक पाय आत, एक बाहेर. म्हणाला, ‘कितना टाइम लगेगा?’ मी म्हटलं, ‘आइए, बैठिए.’ तो माझ्यासमोरच्या खुर्चीत बसला नाही. दाराजवळ पिशव्या ठेवायला एक स्टूल असतं, त्यावर बसला. मी प्रशिक्षणात शिकल्याप्रमाणे हसले, हवापाण्याचं विचारलं आणि फॉर्म पुढे केला. नाव, वय, पत्ता, शिक्षण, मासिक उत्पन्न, घरी कोण कोण. त्याने कागद जरा वेळ बघितला आणि म्हणाला, ‘चश्मा घर पे रह गया.’ मग दहाएक मिनिटं बोलला. झोप येत नाही, माग बंद झाला तरी डोक्यात चालूच राहतो, मुलांवर हात उचलला जातो. एवढं बोलून उठला. ‘अगले जुम्मे आता हूँ,’ म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी मी थांबले. त्याच्या पुढच्याही. तो आला नाही.

माझ्या वहीत अशी बरीच नावं आहेत ज्यांच्यापुढे एकच तारीख आहे. सुरुवातीला त्यांच्याकडे बघितलं की मला एकच प्रश्न पडायचा: मी काय केलं असतं तर हा माणूस परत आला असता? पुष्कळ दिवस मी याच प्रश्नावर काम केलं. खोलीला फिकट रंग दिला, ट्यूबलाइट काढून पिवळा दिवा लावला, कुंडी आणली. यातलं काहीच वाईट नव्हतं. पण हळूहळू मला वाटायला लागलं की प्रश्नच चुकला आहे.

मालेगाव कापडाचं गाव आहे, म्हणून कापडाच्या दुकानाचं उदाहरण देते. साडीच्या दुकानात तुम्ही गादीवर टेकता न टेकता तोच शेठ पोऱ्याला हाक मारतात, ‘ताईंसाठी थंडा आण.’ तुम्ही नको नको म्हणता, बाटली उघडलेली असते. त्यात प्रेम नसतं असं मी म्हणणार नाही. पण थंडा प्यायल्यावर वीस साड्या उलगडून तसंच उठून जाणं अवघड होतं, हे शेठला माहीत असतं आणि तुम्हालाही. तो पाहुणचार आहे आणि हिशेबही आहे.

मग माझं हसणं, माझा पिवळा दिवा, माझं पाणी हे काय आहे? माणूस टिकावा म्हणून केलेलं स्वागत आणि माणूस आला म्हणून केलेलं स्वागत यांत फरक करता येतो का? आमच्या पुस्तकांत पहिल्या भेटीच्या आपुलकीला ‘रॅपो बिल्डिंग’ म्हणतात, आणि उपचाराचं यश त्यावर बरंचसं अवलंबून असतं असंही सांगतात. ते खरं आहे. पण ‘यशासाठी आपुलकी’ हे शब्द शेजारी ठेवले की मला तो थंडा आठवतो. आजकाल फोनवर थेरपीची कितीतरी अ‍ॅप्स आहेत. पहिलं सेशन मोफत, आणि तुम्ही परत उघडलं नाहीत की नोटिफिकेशन येतं, ‘तुमची आठवण येतेय.’ तिथे हिशेब उघड दिसतो म्हणून आपण हसतो. माझ्या खोलीत तो दिसत नाही, एवढाच फरक असेल तर मी त्या अ‍ॅपपेक्षा जास्त धोकादायक आहे.

आपल्याकडे आलेल्या माणसाला आधी पाणी देतात, खेड्यात अजूनही गूळ-पाणी देतात. ‘कशाला आलात’ हा प्रश्न नंतर. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. उन्हातून आलेला माणूस आधी तहानलेला असतो, त्याचं काम नंतर. पण या पाण्याची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. कुणाला तांब्या हातात द्यायचा, कुणाला वरून ओतायचं, कुणाचा पेला गोठ्यात वेगळा ठेवायचा, हेही याच अंगणांत ठरत होतं. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसांना पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. म्हणजे पाण्याआधीही एक प्रश्न होताच, फक्त तो मोठ्याने विचारायची गरज पडत नव्हती: तू कोणाचा?

माझा फॉर्म तोच प्रश्न विचारत होता. पहिल्या ओळीत.

मालेगावात नाव सांगितलं की माणूस मोसम नदीच्या कुठल्या काठाचा हे कळतं, किंवा आपल्याला कळलं असं वाटतं. मी कॅम्पातली. माझं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, म्हणजे मी त्याला नाव विचारायच्या आधी त्याने माझं वाचलेलं असतं. आणि नाव कागदावर उतरण्याची भीती या शहरात हवेतून आलेली नाही. ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बारातच्या दिवशी, इथे बाँबस्फोट झाले. माणसं मेली, आणि मग त्या प्रकरणात नऊ मुस्लीम पुरुषांना अटक झाली. त्यातले बहुतेक पाच वर्षांनी, २०११ मध्ये, जामिनावर बाहेर आले. २०१६ मध्ये न्यायालयाने या प्रकरणातून आरोपमुक्त केलं. ज्या शहराने हे बघितलं आहे, तिथे एक अनोळखी बाई हसत हसत कागद पुढे करते आणि म्हणते, ‘बस्स, थोडी जानकारी चाहिए.’ ‘चश्मा घर पे रह गया’ हे त्यावरचं अतिशय सभ्य उत्तर होतं. आमच्या भाषेत मी त्याला ‘रेझिस्टन्स’ म्हटलं असतं. म्हणजे क्लायंटचा विरोध. खरं तर तो अनुभव होता.

तेव्हापासून फॉर्म शेवटी आला. कधी दुसऱ्या भेटीत, कधी त्याहून नंतर. कुणी नाव न सांगताच बसलं तर बसू देते. ‘मग हाक काय मारू?’ एवढं विचारते. एक बाई म्हणाली होती, ‘मोठ्या वहिनी म्हणा.’ चार भेटी ती मोठ्या वहिनीच होती.

नावाइतकाच अडसर भाषेचा. मी पुण्यात शिकले. तिथून येताना डिप्रेशन, अँग्झायटी, ट्रॉमा असे शब्द घेऊन आले. इथे लोक म्हणतात, टेन्शन आहे, घबराहट होते, दिमाग गरम राहतो, डोक्यात भणभण आहे, जीव लागत नाही. आजूबाजूच्या कसमादे पट्ट्यातून, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळ्याच्या खेड्यांतून येणारी माणसं अहिराणीत विचार करतात आणि माझ्यासाठी मराठीत भाषांतर करून बोलतात. एकदा डाळिंबाची बाग गेलेल्या घरातली एक आजी आली. मी प्रमाण मराठीत काय काय विचारत होते, ती फक्त ‘हां मॅडम, बरं मॅडम’ म्हणत होती. मदतनीस मावशी पाणी घेऊन आत आल्या आणि सहज म्हणाल्या, ‘बठ ना माय, निवांत बठ.’ आजीचे खांदे खाली आले. मावशींनी कुठलाही कोर्स केलेला नाही. पण त्या एका वाक्यात आजीला कळलं की इथे तिला स्वतःला दुरुस्त करून यायची गरज नाही.

हे माझ्या एकटीच्या खोलीत लागलेले शोध नाहीत. आमच्याच नाशिक जिल्ह्यात, पेठ तालुक्यातल्या ४१ गावांत २०१३ ते २०१५ या काळात ‘आत्मीयता’ नावाचा प्रकल्प चालला. पुण्याच्या सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसीने तो उभा केला होता. त्यात गावातल्याच लोकांना प्रशिक्षण दिलं. काही ‘मित्र’ होते, त्यांचं काम त्रासात असलेलं माणूस ओळखणं. काही ‘चॅम्पियन’ होते, ते अशा माणसाला चार-सहा वेळा भेटून त्याचं ऐकून घ्यायचे, फोनवर छोट्या फिल्म्स दाखवायचे, गरज असेल तर सरकारी दवाखान्यापर्यंत पोहोचवायचे. आणि सरकारी योजनांचा लाभ मिळवायलाही मदत करायचे. मला हे शेवटचं फार महत्त्वाचं वाटतं. ज्या विधवेची पेन्शन अडकली आहे तिला ‘तुमच्या भावना मला समजतात’ म्हणणं आणि पेन्शनचा विषयच न काढणं, हे स्वागत नव्हे. मुख्य म्हणजे पेठमध्ये त्रासातल्या माणसाला कुणाचा उंबरठा ओलांडावा लागत नव्हता. भेटायला येणारं माणूस ओळखीचं होतं आणि उंबरठा त्याला ओलांडायचा होता.

पण ओळखीच्या माणसाचीच भीती वाटणारेही असतात. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणूनच तर काही जण दोन बस बदलून परक्या शहरात जाऊन बोलतात. त्यांना हवं असतं ते एकच: इथलं इथे राहील याची खात्री. आणि इथेच माझ्याकडून सगळ्यात मोठी चूक झाली.

एकोणीस वर्षांची एक मुलगी आली होती. एकटी. रिक्षा लांब सोडून चालत आली होती. पाणी प्यायली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली, काही बोलेना. मला तिची दया आली, आणि खरं सांगायचं तर मला ती टिकायलाही हवी होती. मी तिला म्हटलं, ‘हे बघ, तू इथे जे सांगशील ते या खोलीबाहेर जाणार नाही. माझा शब्द.’

तिने वर बघितलं. मग बोलायला लागली. कॉलेजचं, घरचं, एका मुलाचं, फोनमधल्या काही फोटोंचं. मी मनात म्हणत होते, जमलं. पाऊण तास संपत आला तेव्हा तिने सांगितलं की ती जगणार नाहीये. दिवसही ठरवला होता.

त्यानंतर काय करायचं असतं ते मला माहीत होतं आणि मी ते केलं. तिला एकटीला जाऊ दिलं नाही. तिच्या आईला बोलावलं, आईला जेवढं सांगणं भाग होतं तेवढं सांगितलं, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांशी गाठ घालून दिली. आई येईपर्यंतच्या वेळात ती एकच वाक्य बोलली. रडत नव्हती, चिडलेलीही नव्हती. नुसतं म्हणाली, ‘ताई, तुम्ही तर म्हणाला होता ना, बाहेर जाणार नाही.’

ती जगली. उपचार घेतले, कॉलेज सुरू केलं. वर्षभराने तिची आई भेटली तेव्हा हे कळलं. मी विचारलं, ‘कुणाशी बोलते का ती?’ आई म्हणाली, ‘गोळ्या घेते नीट. पण बोलायचं म्हटलं की म्हणते, आता कुणाला काही सांगणार नाही.’

मी आईला सांगितलं ते योग्य होतं. त्याबद्दल मला आजही शंका नाही. कायदाही तेच म्हणतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि त्याच कलमात अपवादही दिले आहेत. जिवाला धोका असेल तर तो टाळण्यापुरती माहिती देता येते. चूक त्याआधीच्या पाऊण तासात, माझ्या पहिल्या वाक्यात होती. मी अपवाद माहीत असताना ‘माझा शब्द’ म्हणाले होते. जे दार आतून कधीही उघडू शकतं, ते पक्कं बंद आहे असं सांगून मी तिला आत घेतलं. गोड आवाजात घेतलं, चांगल्या हेतूने घेतलं, आणि म्हणूनच तिचा जास्त घात झाला. कुणी रुक्षपणे वागलं असतं तर तिने फक्त त्या एका माणसावरचा विश्वास सोडला असता. माझ्यामुळे तिने बोलण्यावरचाच सोडला.

कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये, माणूस बदलायला थेरपीत नेमकं काय लागतं, यावर एक गाजलेला लेख लिहिला. त्यातला बिनशर्त स्वीकार सगळ्यांच्या लक्षात राहतो, समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणंही राहतं. पण त्याने आणखी एक अट घातली होती: थेरपिस्ट आतबाहेर एक असला पाहिजे. मी परीक्षेत हे तिन्ही मुद्दे लिहून मार्क मिळवले होते. त्या मुलीसमोर पहिले दोन होते, तिसरा नव्हता.

तेव्हापासून नवीन माणूस आलं की पाणी दिल्यावर मी साधारण असं सांगते:

‘आज आपल्याकडे पाऊण तास आहे. मधेच उठून जावंसं वाटलं तर जा, कारण सांगायची गरज नाही. मी काही लिहिलं तर तुम्हाला दाखवून लिहीन. तुम्ही सांगाल ते मी कुणाला सांगत नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, पुढच्या खोलीतल्या डॉक्टरांनाही नाही. मला अडलं तर माझ्या वरिष्ठांशी बोलते, पण तुमचं नाव-गाव न घेता. एक गोष्ट मात्र वेगळी. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं, तर मी गप्प बसणार नाही. ते तुमच्या पाठीमागे करणार नाही, आधी तुम्हाला सांगेन. आणि कुणाला सांगायचं, कसं सांगायचं, हे शक्य तेवढं आपण दोघं मिळून ठरवू.’

हे ऐकल्यावर काही जण गप्प होतात. एक-दोघं उठूनही गेले. माझ्या एका ज्येष्ठ सहकारी मला रागावल्या होत्या. ‘अगं, दारातच एवढं ऐकवलंस तर थांबेल कोण? आणि ज्याला खरंच जीव द्यायचाय तो हे ऐकून तेवढीच गोष्ट लपवेल. मग तुझ्या प्रामाणिकपणाची किंमत कोण मोजणार?’

हा आक्षेप खोटा नाही, आणि मी त्याला पूर्ण उत्तर देऊ शकत नाही. गोड खोटं बोलून एखादा जीव वाचत असेल तर ते बोलावं की नाही, यावर माणसं हजारो वर्षं वाद घालत आली आहेत. माझ्यापुरतं मी असं धरलं आहे. त्या खोट्यावर वाचलेला जीव पुढच्या वेळी कुणाकडे जाणार? आत्महत्येचा विचार अनेकदा एकदाच येऊन संपत नाही. तो परत येतो तेव्हा दार ठोठावण्याची हिंमत शिल्लक असणं, हाच त्या माणसाचा आधार असतो. तो आधार मी पहिल्या दिवशी खर्च करू शकत नाही. शिवाय माझ्याकडे एक साधा मार्ग आहे: सरळ विचारणं. ‘जगणं नको असं वाटतं का कधी?’ असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात घुसत नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. आणि ज्याला अटी आधीच सांगितल्या आहेत तो ‘हो’ म्हणतो तेव्हा त्याला माहीत असतं की तो मदत मागतोय. पुष्कळ जण ‘हो’ म्हणतात. पुढचा प्रश्न मग मी विचारते, ‘घरात कुणाला सांगितलेलं तुम्हाला चालेल?’ उत्तर कधी नवरा नसतोच. कधी नणंद असते, कधी शाळेतली जुनी बाई.

आता त्या शुक्रवारच्या माणसाकडे परत येते.

मोशे टॅलमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियात काम करताना एक गोष्ट बघितली. थेरपीला येणाऱ्या कितीतरी लोकांची पहिली भेट हीच शेवटची असते. आपण वाईट थेरपिस्ट आहोत की काय, म्हणून त्याने एकदाच येऊन गेलेल्या २०० क्लायंट्सना फोन केले. त्यातल्या ७८ टक्के लोकांनी सांगितलं, आम्हाला जे हवं होतं ते त्या एका भेटीत मिळालं. यावर त्याने १९९० मध्ये पुस्तक लिहिलं.

हा आकडा वाचून मला आधी हायसं वाटलं, आणि मग स्वतःचाच संशय आला. डॉक्टरने स्वतः फोन करून ‘कसं वाटतंय’ विचारलं तर ‘छान’ म्हणणारे पुष्कळ असतात, आपल्याकडे तर फारच. आणि उरलेले २२ टक्के? माझा तो माणूस कुठल्या टक्क्यातला हे मला कधीच कळणार नाही. ‘त्याला हवं ते मिळालं असेल’ असं म्हणून वही मिटणं सोपं आहे. त्याच्या मुलांवर हात अजून उठत असेल तर माझं समाधान त्यांच्या काय कामाचं?

तरीही टॅलमनमुळे माझा प्रश्न बदलला. हा माणूस परत कसा येईल, असं विचारत मी बसते तेव्हा माझं लक्ष पुढच्या शुक्रवारवर असतं. त्याला आज थोडं अर्धवट, थोडं अधांतरी ठेवलं तरी चालेल असं मला वाटतं, कारण पुढे वेळ आहे. पण हा माणूस परत येणारच नाही असं धरलं तर? तर आज या पाऊण तासात माझ्याकडून त्याला काय द्यायचं राहता कामा नये? मग पिवळा दिवा आणि कुंडी आपोआप मागे पडतात. साडीच्या दुकानातल्या थंड्याचा प्रश्नही सुटतो, कारण परत न येणाऱ्या माणसाकडून काही मिळवायचं उरलेलंच नसतं.

आता मी प्रत्येक पहिल्या भेटीत तीन गोष्टी देण्याचा प्रयत्न करते. पहिली, त्याचा त्रास त्याच्याच शब्दांत परत सांगणं. ‘माग बंद झाला तरी डोक्यात चालू राहतो’ यापेक्षा चांगलं वाक्य माझ्या कुठल्याही पुस्तकात नाही, आणि याला त्रास म्हणतात, वेड म्हणत नाहीत, एवढं त्याला कळलं पाहिजे. दुसरी, आज रात्री करता येईल अशी एखादी छोटी गोष्ट. हात उचलावासा वाटला की त्या खोलीतून बाहेर जाणं, एवढी छोटी. तिसरी, माझ्याशिवायचा एक रस्ता. एका चिठ्ठीवर १४४१६ लिहून देते. हा सरकारचा टेली-मानस क्रमांक, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाला. मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. चिठ्ठीवर माझं नाव नसतं, दवाखान्याचंही नसतं. खिशात कुणाला सापडली तर नुसता एक नंबर.

तुमच्यापैकी कुणी हे वाचताना मनात एखादा दवाखाना किंवा अ‍ॅप घोळवत असेल, तर एवढं सांगते. पहिल्या भेटीत परीक्षा फक्त तुमची नसते. तुम्हीही विचारू शकता: मी सांगितलेलं कुठे लिहिता? कोण वाचतं? कुठल्या परिस्थितीत तुम्ही दुसऱ्याला सांगाल? फी किती, आणि मला यायचं नसेल तर काय? यावर समोरचं माणूस चिडलं तर उठून दुसरीकडे जा. आणि कुणी म्हणालं की ‘इथलं काहीही, कधीही बाहेर जाणार नाही’, तर ‘खरंच? काहीही?’ असं एकदा विचारा. मला त्या मुलीने हे विचारलं असतं तर बरं झालं असतं. पण एकोणिसाव्या वर्षी, रिक्षा लांब सोडून चालत आलेल्या मुलीने ते विचारावं ही अपेक्षाच चुकीची. ते मी सांगायचं होतं.

दाराजवळचं ते स्टूल मी काढलं नाही. त्यावरच्या पिशव्या मात्र आता दुसरीकडे ठेवते. शुक्रवारी सकाळी आल्यावर मावशी तांब्या भरून ठेवतात, मी ते स्टूल पुसते आणि माझी खुर्ची थोडी बाजूला सरकवते, म्हणजे तिथे बसणाऱ्याला माझ्यापुढून न जाता उठून बाहेर पडता येईल. बरेच जण आधी तिथेच बसतात. काही दुसऱ्या खेपेला आतल्या खुर्चीवर येतात, काही कधीच येत नाहीत. मागच्या शुक्रवारी एक तरुण पोरगा आला, दारात थांबला आणि म्हणाला, ‘पाच मिनिटंच आहेत.’

मी म्हटलं, ‘चालेल. पाणी घे.’